सात नंबरच्या पिनला काहीच जोडलेलं नव्हतं

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. सतरा वर्षं सर्किट बोर्डांत गेली. बिघाड असला की त्याला कारण असतंच, एवढंच मला ठाऊक. म्हणून हे लिहिताना जरा संकोच वाटतोय...

सातपूर एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी कंट्रोलर बनवतो. जुनी चिप मिळेनाशी झाली, म्हणून नवीन घेतली आणि तिच्या पिनचा ड्रायव्हर लिहायचं काम माझ्याकडे आलं – म्हणजे चिपने कुठल्या पायाने ऐकायचं आणि कुठल्याने बोलायचं, हे ठरवणारा कोड. पूर्वी या खोलीत आम्ही चौघं होतो. दोघं पुण्याला गेले, पगारे सर रिटायर झाले. उरलो मी. कधीकधी अख्खा दिवस तोंडातून शब्द निघत नाही.

शनिवार होता, सुट्टीचा. दुपारचे तीन वाजले असतील. स्क्रीनवर ओळ आली – 'पिन ७: बटण दाबलं'. पण त्या पिनला बटण काय, काहीच जोडलेलं नव्हतं! मोकळी पिन कधीकधी आजूबाजूच्या विजेचा गोंधळ पकडते, त्यात नवल नाही. मी वायरने ती थेट ग्राउंडला जोडली. आता तिथे शून्याशिवाय काही यायलाच नको. तरी आलं... दोनदा पटकन, मग एकदा लांब. थोडं थांबून पुन्हा तसंच. बोर्ड बदलला. तेच.

हा ठेका माझ्या ओळखीचा होता. पगारे सर प्रत्येक बोर्डाचं बटण असंच दाबून तपासायचे. मला हे काम त्यांनीच शिकवलं.

ओझरला त्यांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला.

"संदीप? किती दिवसांनी रे! सरांना पॅरालिसिस झालाय, तुला कळलं नाही का? बोलता येत नाही. आज जेवल्यापासून एक बोट सारखं गादीवर आपटतायत... काय हवंय तेच कळेना."

"येतो मी," एवढंच म्हणालो आणि गाडी काढली.

सर खिडकीशी पडून होते. बोट चालूच होतं – दोनदा पटकन, एकदा लांब. मी त्यांचा हात हातात घेतला.

"सर, मी संदीप."

बोट थांबलं. डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं.

"अंथरुणाला खिळून आठ महिने झाले, कामावरचं कुणी फिरकलं नाही बघ," काकू म्हणाल्या. रागावून नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

त्यानंतर सात नंबरच्या पिनवर तसं पुन्हा कधीच आलं नाही. ड्रायव्हर पूर्ण झाला, कोडमध्ये चूक सापडली नाही. पुण्याला गेलेल्या दोघांपैकी एक म्हणाला, "अरे, लूज सोल्डर असेल, कुठेतरी जोड सैल." असेल. पण दोन्ही बोर्डांवर, त्याच ठेक्यात? त्याचं कारण मी आता शोधत नाही.

सातपूरहून ओझर जेमतेम पाऊण तास. सर रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, आणि मी एकदाही गेलो नव्हतो. त्याचं कारण मात्र मला चांगलं माहीत आहे – जाऊ कधीतरी, म्हणत मी टाळत राहिलो.