चार वाजताची सुटी

माझ्या नातीला दर शुक्रवारी चार वाजता घरी निघायची परवानगी मिळाली, हे ऐकून माझ्या हातातली शेवग्याची शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली. धक्का बसावा अशी ही बातमी नाही, मला कळतं. सूनबाई तर इतकी खूश झाली की तिने चहात आलं जरा जास्तच किसलं. पण मला बसला, आणि अजून पुरता उतरलेला नाही.

आधी नातीचं सांगते. आम्ही बोरिवलीला राहतो. ती मालाडच्या एका ऑफिसात कामाला आहे. परदेशातल्या दुकानांची गिऱ्हाइकं तक्रारी करतात, त्या हिने इथे बसून निस्तरायच्या. शेजारच्या खुर्चीवर एक मुलगा आहे. दोघं एकाच दिवशी लागले, काम तेच, वेळ तीच. मागच्या महिन्यात त्याचा पगाराचा कागद प्रिंटरवर राहिला. हिने उचलून त्याला नेऊन दिला, आणि देताना नजर गेली. ही चार महिने राबून जे घरी आणते, ते तो तीन महिन्यांत नेतो.

पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी, म्हणजे त्या गुरुवारी, साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सरळ विचारून आली. साहेब म्हणाले, पगाराचं पुढच्या वर्षी बघू. पण तुझी धावपळ मला दिसते गं, तू शुक्रवारी चारला निघत जा. उद्यापासूनच. मान्य आहे म्हणून एक मेल टाक, झालं.

"घे की!" सूनबाई म्हणाली. "पैसे काय, येतील. वेळ कोण देतं हल्ली?"

हे वाक्य मी ओळखलं. ते माझंच होतं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. पावडर लावून, केसांत अबोली माळून मी कुठे जायचे, तर घाटकोपरच्या एका गाळ्यात, पंख्याच्या मोटारींवर तांब्याची तार गुंडाळायला. पावडर दहा मिनिटांत घामात जायची, पण लावायची सोडली नाही. आम्ही सहा बायका, पाच पुरुष. यंत्रं सारखीच, तार सारखीच, दिवसाच्या मोटारीही सारख्याच. शेठने 'ताई' म्हणून हाक मारली की मी दिवसभर जमिनीपासून चार बोटं वर चालायचे. इतकी बावळट मुलगी आज समोर आली तर मी तिला सोफ्यावर बसवून आधी पाणी देईन आणि मग एक टपली.

सात तारखेला पगार व्हायचा. त्या दिवशी बायकांची पाकिटं चार वाजता, आणि पाकीट मिळालं की लगेच सुटी. पुरुषांचा पगार साडेपाचला. शेठ म्हणायचे, "लेडीज फर्स्ट! तुम्हाला बाजार असतो, घर असतं." मी चाळभर सांगत फिरायचे की आमचे शेठ म्हणजे देवमाणूस. पुढे मुलाला सांगितलं, सुनेला सांगितलं, नातीला तर मांडीवर घेऊन सांगितलं. दीड तास फुकट! अशी माणसं आता कुठे मिळतात?

जे कधी कुणाला सांगितलं नाही, ते त्या गुरुवारी शेंगा बाजूला ठेवून सांगितलं.

एका सात तारखेला माझा डबा गाळ्यातच राहिला. स्टेशनपर्यंत जाऊन, भाजी घेऊन आठवण झाली. परत गेले तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. पुरुष रांगेत उभे राहून रजिस्टरवर सह्या करत होते. सगळ्यात पुढे माझ्या उजवीकडच्या यंत्रावरचा. त्याला काम मी शिकवलं होतं. सुरुवातीला तासातासाला त्याची तार तुटायची आणि तो ओरडायचा, "वहिनी, मेलो!" मी माझं यंत्र थांबवून त्याचे वेढे सोडवायचे.

मला बघून त्याने आकड्यावर पंजा ठेवला. उशीर झाला होता. माझ्या पगाराच्या दीडपट होता तो आकडा.

"वहिनी, तुम्ही गेला नव्हता होय?" तो म्हणाला.

नात मला मध्येच थांबवत म्हणाली, "आणि तू काहीच बोलली नाहीस?"

"बोलले की. म्हटलं, डबा राहिला."

माझ्या विनोदाला या घरात सहसा कुणीतरी हसतं. तेव्हा कुणी हसलं नाही.

पुढचं सांगायला जड गेलं. माझ्या डावीकडे भांडुपची एक मैत्रीण बसायची, तोंडाने फटकळ. मी फक्त तिला सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या सात तारखेला कुणी उठायचं नाही. पगार घ्यायचा तो सगळ्यांच्या देखत, साडेपाचला." सगळ्यांनी माना हलवल्या. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

सात तारीख आली. चार वाजले. ती स्टुलावर बसून राहिली. शेठ आवाज न चढवता म्हणाले, "काय हो, लवकर सोडतो ते आवडत नाही?" मग माझ्याकडे वळले. "ताई, तुम्हीसुद्धा थांबताय?"

घरी मूल तापाने फणफणलं होतं, असं इथे लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. खरं सांगते. स्टेशनबाहेर चपलांचा सेल लागला होता.

मी पिशवी उचलली. वर तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "जाऊ दे ना गं. पुरुषांना घर चालवायचं असतं." माझा नवरा तेव्हा कंपनीला टाळं लागल्यामुळे सहा महिने घरी बसून तांदूळ निवडत होता. घर मी चालवत होते. तरी ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं, जणू शेठने पाकिटातच घालून दिलं होतं. मी उठले तशा बाकीच्या चौघीही उठल्या. ती साडेपाचपर्यंत एकटी बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या स्टुलावर नवीन मुलगी होती. तिलाही काम मीच शिकवलं.

चपला दोन महिन्यांत तुटल्या.

"आजी," नात हळूच म्हणाली, "तू तर मला शेठ किती चांगले ते सांगायचीस."

"स्वतःलाही तेच सांगत होते मी. इतकी वर्षं."

ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी त्या प्रिंटरवरच्या कागदाकडे बघितली असेल. साहेबांचा धक्का तिने पचवला होता, माझा नव्हता पचत. आणि मला वेगळाच प्रश्न पडला होता. गाळा गेला, शेठ गेले, त्या जागी टॉवर उभा राहिला, आणि चार वाजताची सुटी तेवढी जशीच्या तशी मालाडच्या काचेच्या ऑफिसात येऊन बसली? काम तेच, तास तेवढेच, तर पैसे तेवढेच. याला पुढचं वर्ष कशाला लागतं? मधल्या काळात कुणीच बसून राहिलं नाही की काय?

"मग मी काय करू?"

"मला विचारू नकोस. मी चारला उठलेली बाई आहे."

"आई, तुम्ही तिच्या डोक्यात काहीतरी भरवू नका," सूनबाई म्हणाली. "नोकरी गेली तर? घराचा हप्ता तिच्या पगारातून जातो." खोटं नव्हतं ते. भांडुपच्या मैत्रिणीची नोकरी गेलीच होती की. मी पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या.

शुक्रवारी सकाळी नात निघाली. मेल टाकला का ते कुणी विचारलं नाही. दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी तिचा फोन आला.

"आजी, मी त्यांना लिहून दिलं. सुटी नको, त्याच्याइतका पगार द्या. आणि बसलेय."

"कोण कोण बसलंय?"

"मीच." मग आवाज खाली गेला. "अगं, टीममधल्या तिघींनाही कालच शुक्रवारची सुटी दिलेली आहे. आज चार वाजता सगळ्या उठल्या तेव्हा कळलं. तिघींनी आपापलं गुपित ठेवलं होतं. उठल्या आणि गेल्या."

मी फोन ठेवला, पातळ बदललं आणि ओट्यावरचा रिकामा डबा पुसून त्यात दोन थालीपिठं भरली.

"आई, कुठे निघालात?"

"ऑफिसला."

सूनबाईने कपाळाला हात लावला, पण रिक्षा तिनेच बोलावून दिली.

मालाडला पोचले तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती. खाली इतका मऊ सोफा होता की एकदा बसलं की उठणं कठीण. मला तेच हवं होतं. वॉचमन आला.

"आजी, किसको मिलने का है?"

"मिलने का नहीं. बैठने का है."

"कितना टाइम?"

"मेरेको ऑलरेडी बहुत लेट हुआ है," मी म्हटलं.

त्याने वर फोन लावला. थोड्या वेळाने लिफ्टमधून नात उतरली. तिच्यामागे एक साहेब होते, गळ्यात ओळखपत्र, हातात तिचंच पत्र असावं तसा एक कागद.

"आजी! तू इथे?"

मी डबा वर केला.

"तुझा डबा राहिला होता," मी म्हणाले, आणि उठले नाही.