केवळरामने साहेबाकडून वदवून घेतलं

सालेकसा ते आमगाव या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवणाऱ्यांत केवळराम गजभियेइतका चिकट माणूस दुसरा नव्हता. चिकट म्हणजे पैशाला नव्हे, शब्दाला. एखादी गोष्ट त्याला पटली नाही की तो सोडायचा नाही, मग समोर सवारी असो नाहीतर सरपंच. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर गेला की बाकीचे लोक फोटो आणि कॅलेंडर घेऊन यायचे. हा एका वर्षी मोटार वाहन कायद्याचं मराठीतलं पातळ पुस्तक घेऊन आला, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि स्टँडवर सीट भरेपर्यंत ते वाचत बसू लागला. बाकीचे ड्रायव्हर त्याला वकीलसाहेब म्हणू लागले, आणि ते काही प्रेमाने म्हणत नव्हते.

पण या वकीलसाहेबाची एक दुखरी जागा होती, आणि ती सगळ्या गावाला ठाऊक होती. १९९९ साली त्याने पिऊन जीप चालवली होती आणि वळणावर ती सरळ धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, घातली होती. आत बसलेल्या कुंदाबाईचा हात मोडला. केवळरामची बायको अल्का तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने त्याला विहारात नेलं आणि चार माणसांसमोर पंचशील घ्यायला लावलं. त्यानंतर सात वर्षं थेंब नाही. हळूहळू बायका, शाळेच्या मास्तरणी त्याच्याच जीपसाठी थांबायला लागल्या. स्वतः कुंदाबाईसुद्धा, पण ती मागच्या बाकावरच बसायची. गाव असल्या गोष्टी विसरत नाही, आणि खरं सांगायचं तर विसरावं तरी का?

२००६ च्या एप्रिलमध्ये एका सकाळी कुंदाबाई आणि आणखी पाच बाया मोहफुलांच्या टोपल्या घेऊन आमगावच्या बाजाराला निघाल्या होत्या. फुलं आदल्या दिवशी वेचलेली, धड वाळलेली नव्हती. केवळरामने एकेक टोपली खांद्यावर घेऊन टपावर चढवली तेव्हा त्यांचा रस त्याच्या शर्टावर ओघळला. मोहाचा वास ज्याला माहीत आहे त्याला फुलं कुठली आणि दारू कुठली हे नाकानेच कळतं. पण नाक्यावर उभे असलेले पोलीस साहेब महिन्याभरापूर्वीच साताऱ्याकडून बदलून आलेले. त्यांनी जीप थांबवली, खिडकीत डोकं घातलं आणि सहा बायांसमोर म्हणाले, की हा तर सकाळी सकाळीच टाइट आहे.

साहेबांच्या मागे हवालदार चुन्नीलाल उभा होता. तो इथलाच. त्याला वास ओळखू आला नसेल असं होणार नाही, पण तो रस्त्याकडे बघत राहिला. नोकरीच ती.

केवळरामने टपाकडे बोट दाखवून सांगितलं की वास फुलांचा आहे. साहेब हसले. दारुड्यांच्या ह्याहून बऱ्या सबबी आपण ऐकल्यात, म्हणाले. त्यांनी लायसन मागून घेतलं, खिशात टाकलं आणि एक कागद पुढे केला. थोडी घेतली होती असं लिहायचं, सही करायची, कोर्टात काय तो दंड भरायचा, आणि आता निघायचं. त्यांना ते अगदी सोपं वाटत होतं.

केवळरामने मागे वळून बघितलं. पाच बाया साहेबांकडे बघत होत्या. कुंदाबाई त्याच्याकडे बघत होती, आणि तिचा उजवा हात डाव्या कोपरावर गेला होता. ते त्याने बघितलं. सही केली तर लायसन आज ना उद्या मिळेल, पण ह्या बाया त्याच्या जीपमध्ये पुन्हा पाय ठेवणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

तो खाली उतरला.

"साहेब, फुकाची मशीन लावा," तो म्हणाला.

श्वास तपासायची ती मशीन गोंदियाला गेली होती.

"मग मले अटक करून दवाखान्यात न्या. अटक केल्यावर दोन तासाच्या आत डॉक्टरले दाखवा लागते, नाही तं सोडा लागते. आन् लायसन घेतलं त्याची पावती द्या. मी सही करत नाही."

साहेबांचा आवाज चढला. कायदा शिकवतोस का, असं त्यांनी विचारलं. केवळराम म्हणाला की शिकवत नाही, मागून राहिलो. उन्हं चढत होती. साहेबांनी बायांना दुसऱ्या जीपने जायला सांगितलं. बाया उतरल्या, टपावरच्या टोपल्यांकडे एकदा बघितलं आणि पळसाखाली जाऊन बसल्या. शेवटी साहेबांनी पावती फाडली, ती फाडताना कागदावर राग काढला, आणि केवळरामला गाडीत घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं.

डॉक्टर इथलेच होते. त्यांनी त्याला शर्ट काढायला लावला, तोंड धुवायला लावलं, मग श्वास सोडायला सांगितला. सरळ रेषेत चालवलं, डोळ्यांत बॅटरी मारली. कागदावर लिहिलं की तोंडाला दारूचा वास नाही, चाल आणि बोलणं ठीक, शर्टाला मोहफुलांचा वास आहे. साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, झालं, जा आता.

"रक्तई घ्या डॉक्टरसाहेब," केवळराम म्हणाला. "आन् ह्या कागदाची एक प्रत मले द्या."

डॉक्टरांनी साहेबांकडे बघितलं आणि सुई काढली. रक्त घेऊन, बाटली सीलबंद करून नोंद होईपर्यंत साहेब व्हरांड्यात फेऱ्या मारत होते.

नाक्यावर परत आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. बाया पळसाखालीच होत्या. साहेबांनी लायसन परत दिलं आणि पाठ फिरवली. इतर कुणीही असता तर जीपमध्ये बसून निघून गेला असता. चुन्नीलालने डोळ्यांनी तेच सुचवलं, अब निकल भाई. पण केवळराम तिथेच उभा राहिला.

"साहेब, मी दारू पेला आहे म्हणून तुमी ह्या बायांसमोर म्हटलं. नाही पेला, हेई ह्यांच्याचसमोर म्हणा."

चुन्नीलालने जमिनीकडे बघितलं. साहेब मागे वळले. मग त्यांनी टोपी नीट केली आणि पळसाकडे तोंड करून, दुसऱ्याच कुणाचा अहवाल वाचावा तसं म्हणाले, "ड्रायव्हरने दारू प्यायलेली नाही. माझी चूक झाली."

बाया उठल्या. बाजार अर्धा संपला होता, तरी कुणी कुरकुर केली नाही. कुंदाबाई सगळ्यांत शेवटी आली. मागे जागा होती, तरी ती पुढचं दार उघडून त्याच्या शेजारी बसली. जीप सुरू झाल्यावर म्हणाली, "मलेई वाटलं होतं बाबू. तू पेला म्हणून."

"मालूम आहे," केवळराम म्हणाला. "तुमच्यासाठीच तं म्हणवून घेतलं."