काचेमागचं ऊन

"खातोय बाबा, खातोय. पोट नाही भरलं अजून."

डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावर मामा माझे शेजारी. सकाळी गॅलरीत बनियनवर, दोन्ही तळहात वर करून बसायचे. "झालं का ऊन खाऊन?" विचारलं की हे उत्तर ठरलेलं. तुमच्याही शेजारी असं एखादं ऊनवेडं म्हातारं असेल. हसू नका त्याला. मी हसायचो.

वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात आम्ही बरोबर होतो. मी बाइंडिंगला, मामा डार्करूममध्ये. लाल दिव्याखाली तीस वर्षं फिल्म धुतल्या त्यांनी. जेवायच्या सुट्टीत डोळे मिचकावत बाहेर यायचे आणि म्हणायचे, "अरे, आज ऊन पडलंय होय?"

रिटायर झाल्यावर मांड्या दुखायला लागल्या, जिन्यात कठडा सुटेना. डॉक्टर म्हणाले, व्हिटॅमिन डी जवळजवळ नाहीच, हाडं ठिसूळ झालीत. गोळ्या घ्या, ऊन घ्या. मामांनी ऊन मनावर घेतलं आणि गोळ्या दोन महिन्यांत सोडल्या. "रोज इतकं खातोय, वर गोळ्या कशाला?" त्यांना एवढंच हवं होतं, आधाराशिवाय जिना उतरून नाक्यावर चहाला जायचं.

मग कबुतरांनी गॅलरीत उच्छाद मांडला. मामी वैतागल्या. आणि मी शहाणा! "सरळ स्लायडिंग बसवून टाका, मामा. काचच ती, ऊन थोडंच अडवणार?" बसवणारा माणूसही मीच आणला. मामा खूश. ना वारा, ना कबुतर, मांडीवर पेपर. तीन वर्षांत एक दिवस चुकवला नाही त्यांनी.

मोरीत जरासे घसरले आणि खुबा मोडला. हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी विचारलं, "ऊन घेत नव्हते का?"

मामी तावातावाने म्हणाल्या, "अहो, रोज दोन-दोन तास! गॅलरीत!"

"गॅलरी उघडी आहे?"

"काच आहे."

बाई म्हणाल्या, "आजी, काचेतून नुसती ऊब येते. हाडांना लागतं ते काच आत येऊ देत नाही."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, देवाशप्पथ.

ऑपरेशन करून घरी आणलं, पण पलंगावरून ते उठलेच नाहीत. आता काच सताड उघडी, पण ऊन पलंगापर्यंत पोचेना. "मला एकदा खाली ने रे. उघड्यावर बसव." लिफ्ट नाही. मी म्हणायचो, "रविवारी बघू मामा, चौघं तरी लागतील." एका रविवारी कुणाचं तरी लग्न, दुसऱ्या रविवारी माझीच पाठ. पुढे त्यांनी विचारायचं सोडलं.

गेले तेव्हा चौघंच काय, दहा जण धावून आले. जिना उतरायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. खाली आवारात तिरडीवर ठेवलं, तर भर बाराचं ऊन थेट तोंडावर. कुणीतरी छत्री धरायला गेलं.

"राहू दे!" मी खेकसलो. आणि मग मला तिथे उभं राहवेना.