पावसाच्या बेटावर संत्र्याला ताण

"सगळी झाडं तोडतो आणि केळी लावतो," हॅरी इंग्रजीत म्हणाला. त्याची आई, दुलारीमाई, माझ्याकडे बघायला लागली. मी नागपूरहून आलेला संत्र्याचा एक्स्पर्ट. नुकताच उतरलो होतो, बूटसुद्धा वाळले नव्हते.

कॅरिबियन समुद्रातलं हे चिमुकलं बेट. एका टोकाहून सकाळी निघालं तर दुपारचं जेवण दुसऱ्या टोकाला. सत्तरच्या दशकात तिथून आमच्या शेती खात्याकडे माणूस मागितला गेला. साहेबांनी मला बोलावलं.

"जाऊन ये गा. संत्र्याचंच तं झाड आहे. तिथं गेल्यानं का त्याले नारळ लागनार आहे?"

सोबत दिला डोंगरे. कुहीकडचा, म्हणजे धानाच्या मुलखातला, पण कलमं बांधण्यात हात बसलेला. जिभेलाही धार होती.

हॅरीची अडचण खरी होती. एकाच झाडावर फुलं, बोराएवढी फळं आणि पिकलेली फळंही. आज टोपलीभर माल, पुढच्या आठवड्यात ओंजळभर. जहाजाला एकदम माल लागतो. केळी देत होती, संत्री देत नव्हती. पण बाग दुलारीमाईच्या नवऱ्यानं लावलेली होती. तो गेल्यापासून ती झाडांशीच बोलायची. आईखातर हॅरीनं एका बहराची मुदत दिली होती.

रोग मी उभ्या उभ्या ओळखला. आपल्याकडे झाडाला ताण देतात. म्हणजे पाणी तोडायचं आणि झाडाला तहानलेलं ठेवायचं. पानं मलूल झाली की मग पोटभर पाजायचं. धसका घेतलेलं झाड एकदम फुलतं, आणि फळंही एकदम धरतात. आमच्याकडे हे शेंबडं पोरही सांगेल. मी ऐटीत म्हणालो, "पाणी बंद करा."

हॅरीनं आभाळाकडे बोट केलं. "ते तुम्हीच बंद करा."

तिथला कोरडा सीझन म्हणजे दिवसाआड एक सर! आम्ही पाण्यासाठी विहिरी खोल करणारी माणसं. पाणी नको असेल तर काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. माझा चेहरा पडला.

"काहून घोर लावून राहिले जिवाले, साहेब?" डोंगरे म्हणाला. "आता झाडाले छत्री धरता का?"

तो थट्टा करत होता. माझी नजर मात्र हॅरीच्या ट्रकवर गेली. केळीच्या घडांवर ताडपत्री घातलेली होती.

बाग लहान आणि उतारावर, हे नशीब. प्रत्येक बुंध्याभोवती ताडपत्री नाहीतर होडीचं जुनं शीड अंथरलं, आणि पाणी वाहून जायला चर खणले. शेजारीपाजारी बघायला यायचे. संत्र्याला रेनकोट घालणारे इंडियन म्हणून आमची कीर्ती बेटभर झाली.

पानं माना टाकू लागली तशी दुलारीमाई कासावीस झाली. तिचे आजे-पणजे बिहारकडून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आलेले, त्यामुळे ती जुन्या भोजपुरी वळणाची हिंदी बोलायची. "पेड़ मर जाई, बाबू! हमार आदमी के हाथ के पेड़ बा."

"नहीं मरेगा, माई. थोडा प्यासा रहने दो."

आवाजात होता तेवढा विश्वास माझ्या मनात नव्हता. माती परकी, हवा परकी. झाडं खरंच गेली असती तर हॅरीचे कुऱ्हाडीचे कष्ट वाचले असते, एवढंच. त्या दिवसांत मला जेवण गोड लागत नव्हतं.

मग ताडपत्र्या काढल्या, भरपूर पाणी सोडलं आणि वाट बघत बसलो. एका सकाळी डोंगरे बागेतून ओरडला, "साहेब, या ना जी! बाग पांढरी झाली पाहा!"

वास तर घरातच आला होता. आमच्याकडे काटोलच्या रस्त्यावर संत्र्याच्या बागांमधून येतो, अगदी तोच. माझे डोळे भरून आले. हॅरी झाडांमधून फिरून आला आणि म्हणाला, "जहाजवाल्याशी बोलून ठेवतो."

फक्त स्वयंपाकघराच्या दाराजवळचं झाड कोरडं. कोरडं म्हणजे फुलांच्या बाबतीत, नाहीतर हिरवंगार, टवटवीत. मी माती उकरली, मुळं पाहिली. घराची सावली, जमिनीचा कस, अशी माझी थिअरी सुरू झाली. हॅरी भक्तिभावानं ऐकत होता. दुलारीमाईनं ओढणी तोंडाला लावली.

"बाबू, एकरा के हम रोज भात के मांड़ पिआवत रहलीं. हमसे देखल ना गइल."

भाताची पेज! हॅरी पोट धरून हसला. मला आधी राग आला, मग मीही हसलो.

"माय आहे ना जी थे," डोंगरे म्हणाला. "सगळ्याईले उपाशी कशी ठेवन?"

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, प्रयोग यशस्वी, एका झाडाचा अपवाद, कारण स्थानिक. साहेबांनी खुलासा मागितला नाही. पुढे नोकरीभर ताण द्यायचा सल्ला देताना मी शेतकऱ्याला एक सांगत आलो: स्वयंपाकघराच्या दाराशी असलेलं झाड उत्पन्नात धरू नका, ते घरच्या बाईचं असतं.