ट्रॉली कापायची कशानं?

आमच्या अंगणात मधोमध एक लोखंडी ट्रॉली उभी होती. नवा महाराष्ट्र झाला त्याच्या आगेमागे सासऱ्यांनी ती नांदुऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधून जुनीच घेतलेली. जाड पत्रे, ते जोडणारी जाडजूड रिबिटं, अन् तळाला गंजून पडलेली भोकं. सासरे गेले, वाटण्या झाल्या, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं बिनसलं आणि बोलणंच बंद झालं. पंचांसमोर ठरलं, की ट्रॉली अर्धी अर्धी कापून भंगारात काढायची आणि ती हलली की तिथंच मधे भिंत घालायची. ती भिंत मला नको होती. जाऊबाईंचंही तेच. पण आम्हाला विचारतं कोण?

बोलणं बंद म्हणजे किती बंद! आमचे हे मला सांगणार, मी जाऊबाईंना, जाऊबाई भासऱ्यांना. थोरल्या दिरासमोर मी पदर ओढून गप्प राहायची, तशी रीतच होती. दोघं भाऊ हाकेच्या अंतरावर बसलेले, आणि निरोप मात्र दोन बायकांच्या तोंडून फिरून जाणार. जीव नकोसा झाला होता बाई!

ह्यांनी आधी लोखंड कापायची करवत आणली. "माहा अर्धा मी कापतो, त्याचा तो पाहीन." सकाळभर नुसती खरखर. पाती पटापट तुटली आणि पत्र्यावर मात्र एक ओरखडा. मला हसू आलं, तर माझ्यावरच डाफरले, "दात काऊन काढून राह्यली?"

भंगारवाले चाचा बघायला आले होते. ते म्हणाले, "भाभी, गॅस-कटिंगवाला बुलवा. एका दुपारात काम खलास." ह्यांना पटलं. मला म्हणाले, "तिकडं इचार, गॅस चालते काय."

मी जाऊबाईंच्या चुलीपाशी गेले. त्या भाकर थापता थापता थांबल्या.

"गॅसनं तं दुपारीच संपन वं सारं. मंग उद्या भिंत." भाकर तव्यावर टाकून म्हणाल्या, "मामाजीचा घण हाय घरात. छन्नी बी हाय. रिबिटाची डोकी उडवली की पत्रे सुटतात. पन एकानं छन्नी धरा लागते, अन् दुसऱ्यानं घण मारा लागते."

एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या पिठाच्या हातासकट त्यांना मिठीच मारली. "बाई, तुम्ही लय पोचलेल्या हा!"

मी ह्यांना सांगितलं, भासरे म्हणतात घण-छन्नीच पाहिजे, कोणाच्या अंगात दम आहे ते दिसेल. जाऊबाईंनी भासऱ्यांना सांगितलं, धाकटा अगदी तेच म्हणतो. बढाईत दोघं सारखेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडं फिरवून ट्रॉलीपाशी हजर.

भासऱ्यांनी छन्नी रिबिटावर टेकवली आणि उघड्या मुठीनंच घट्ट धरली. चिमट्यात धरा, असं कोणी सांगायचं त्यांना? ह्यांनी घण डोक्यावर नेला आणि तसाच धरून उभे राहिले. आम्ही दोघी दारात, एकमेकींचा हात आवळून. माझ्या मनात आलं, हे काय करून बसलो गं आपण! आणि घण हळूच खाली आला, मातीवर टेकला.

"दादा, हात काढ," हे म्हणाले. "मले भेव लागून राह्यलं. तुह्या हाताले लागलं तं?"

भासऱ्यांनी मान वर केली नाही. मूठही सोडली नाही.

"हाण. परक्याच्या घणाखाली म्या हात ठेवला असता काय बे?"

हे तिथंच मातीत बसले आणि ढसाढसा रडायला लागले. भासऱ्यांनीही दुसऱ्या हातानं डोळे पुसले, तरी ओरडलेच, "अबे, रडून काय राह्यला! ऊठ, ऊन चढून राह्यलं."