भोकरवालीचं लोढणं

भोकरवाली काकू आमच्या दारात यायची ती "बसत न्हाई गं, चालले" असं म्हणतच. एक चप्पल पायात, दुसरी अर्धी काढलेली, हात चौकटीला. एवढ्यावर ती तास-तासभर बोलायची. मी शिलाई मशीनवरून न उठता म्हणायचे, "काकू, जरा टेका तरी." तर तिचं ठरलेलं उत्तर, "टेकले की संपलं बग. बसलेल्या बाईला घर धरून ठिवतं." मग कुणाच्या सुनेला कितवा महिना लागला, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, मोंढ्यात तुरीचा काय भाव चाललाय, हे सगळं सांगून झालं की "उगं उशीर केलास माझा" असा ठपका माझ्यावरच ठेवून निघून जायची.

माहेर भोकरचं म्हणून भोकरवाली. लग्न होऊन उदगीरला आली, नातवंडांची आजी झाली, पण गल्लीत तिचं खरं नाव कुणाला विचाराल तर आधी वर बघतील, मग डोकं खाजवतील. पायाला भिंगरी असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण ती कामाला जाणारी. काकूला काम असं काही नसायचं. घराजवळचं दुकान सोडून ती मीठ आणायला मोंढ्यापलीकडे जायची, कारण वाटेत चार घरं लागायची. बाळंतीण घरी आली की हिचा पाय तिकडे वळलाच. तान्ह्याला तेल लावून न्हाऊ घालावं ते काकूनंच. रडून लाल झालेलं पोर तिच्या पायांवर आडवं पडलं की गपगार व्हायचं.

माझं आयुष्य याच्या उलट. लग्नसराईत तर ब्लाउजांच्या ढिगापुढे मला दारातलं ऊन दिसायचं नाही. इतकी वर्षं उदगीरमध्ये राहून मला उदगीर ठाऊक होतं ते बरंचसं काकूच्या तोंडूनच.

तिचा मुलगा विनोद पुण्याला नोकरीला. पोरगा गुणाचा, पण त्याच्या मनात एक भीती बसलेली. काका शेतावर एकटे असताना गेले. त्या दुपारी विनोद त्यांना फोन लावत होता आणि फोन नुसता वाजत राहिला होता. तेव्हापासून कुणी फोन उचलला नाही की तो पुन्हा पुन्हा लावत राहायचा. आईनं पुण्याला यावं म्हणून तो दर सणाला भांडायचा आणि दर सणाला हरून परत जायचा. शेवटी एका दिवाळीला तो सेलमधला एक भलामोठा स्मार्टफोन घेऊन आला. किंमत कमी, काच मोठी.

"आई, हा फोन कायम जवळ ठेवायचा. व्हिडिओ कॉल आला की उचलायचा. एकदा जरी उचलला नाहीस तर मी गाडी घेऊन येईन आणि तुला घेऊन जाईन."

"अन् उचलला तर हितंच ऱ्हाऊ देशील?"

"देईन."

"बग हां. वैनीच्या समोर बोलून राहिलास." वैनी म्हणजे मी. असा मला साक्षीदार करून सौदा पक्का झाला.

खोक्यातून फोन निघाला तेव्हा काकू म्हणाली, "पोळपाट हाय का काय हे?" तिचा जुना बटणांचा फोन ब्लाउजमध्ये मावायचा. हा एका हातात धरला तर अंगठा पलीकडे पोचत नव्हता आणि दोन्ही हातांत धरला तर दाबायला बोट उरत नव्हतं. पण तिला तो आवडला नाही असं म्हणणं खोटं होईल. अक्षरं चष्म्याशिवाय दिसायची. नातीचा नवा फुटलेला दात त्या काचेवर एवढा मोठा दिसला की काकूनं त्यावरून बोट फिरवलं, आणि बोट लागल्याबरोबर नातच गायब झाली. "गेली की रे," असं ती इतक्या कळवळून ओरडली की विनोदला हसू आवरेना.

मग कुलूप लावण्याचा कार्यक्रम झाला. विनोदनं तिचं एकेक बोट फोनवर टेकवून पाहिलं, पुसून पाहिलं, पाण्यानं ओलं करून पाहिलं. फोन काही ऐकेना. जन्मभर भाकरी थापून आणि खुरपं धरून बोटांवरच्या रेघाच झिजल्या होत्या. "उभं उदगीर वळखतंय मला, अन् हेला माझं बोट वळखू येईना," काकू म्हणाली. शेवटी चेहऱ्यानं उघडायचं ठरलं. पण त्या वेळी शेजारच्या घरातले थोरले दीर बैठकीत बसलेले, त्यामुळे काकूचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. फोननं तेवढाच चेहरा लक्षात ठेवला. नंतर घरी एकटी असताना तो कधी उघडायचा, कधी अडून बसायचा, आणि पदर ओढला की मुकाट्यानं उघडायचा. "सासरा गेला अन् हे आलं," असं म्हणत ती रिकाम्या घरात डोक्यावरून पदर घ्यायची.

फोन ठेवायचा कुठं हा प्रश्न माझ्याकडे आला. मी अस्तराच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवली आणि तिला नाडी लावली. काकूनं ती गळ्यात अडकवली. फोन छातीवर आपटायचा, वाकली की पुढे लोंबायचा. दोन पावलं चालून बघून ती म्हणाली, "वढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचं लोढणं बांधतेत, बग. पळाया लागलं की पायात येतं. मपल्या पोरानं काचंचं बांधलं." आम्ही दोघीही पोट धरून हसलो. लोढणं हे नाव मात्र त्या फोनला कायमचं चिकटलं.

एके दिवशी ती माझ्या दारात असतानाच विनोदचा फोन आला. बोलता बोलता तो सहज म्हणाला, "आई, काल किल्ल्याच्या बाजूला एवढा वेळ काय करत होतीस? ऊन केवढं आहे." काकूनं काहीतरी उत्तर देऊन फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "हेला कुनी सांगितलं गं?" मी समजावून सांगितलं, की कुणी सांगत नाही, आपण कुठं आहोत ते फोनच त्याला दाखवतो. तिनं पिशवी गळ्यातून काढली, माझ्या मशीनवर ठेवली आणि लांब उभी राहून तिच्याकडे बघत राहिली. "म्हंजे माझ्याच गळ्यात बसून माझीच चहाडी?" त्या वेळी आम्ही हसलो नाही.

त्यानंतर तिचं फिरणं हळूहळू आटलं. जुन्या वस्तीतल्या बोळांत रेंज तुटायची आणि रेंज तुटली की तिकडे विनोद कासावीस व्हायचा. चांगली रेंज मिळायची ती तिच्याच बैठकीतल्या खिडकीपाशी. तिथं खुर्ची आली. माझ्या मशीनवरून ती खिडकी समोरच दिसते. मी मान वर केली की काकू त्या खुर्चीत बसलेली, गळ्यात पिशवी, नजर रस्त्यावर. जिला टेकायला सुद्धा नको होतं ती बाई सकाळ-दुपार बसून होती. मी हाक मारायचे, "काकू, या की." ती तिथूनच म्हणायची, "कशी येऊ? फोन यायचाय." बोलणं लांबलं की फोन तापायचा. मग ती त्याला माठाशेजारी गार जागेवर निजवायची आणि स्वतः पुन्हा खुर्चीत येऊन बसायची. मला त्या फोनचा मनापासून राग यायला लागला. पण राग धरायचा कुणावर? पोरगा प्रेमानंच करत होता सगळं.

आणि मग स्टेशनकडच्या एका घरी बाळंतीण आली. बाळ अंगावर पीत नव्हतं, रडून रडून निळं व्हायचं. काकूला बोलावणं आलं. फोन गळ्यात घालून गेली तर पुण्यात कळणार, "एवढ्या लांब उन्हात कशाला गेलीस" होणार. तिनं तिच्या परीनं हिशेब केला. फोन घरी, म्हणजे मी घरी. मग फोन ठेवायचा कुठं? आमच्याकडे घरात सोनंनाणं, पासबुक, जे काही मोलाचं असतं ते बाहेर जाताना ज्वारीच्या कोठीत जातं. पिढ्यान्‌पिढ्या चोराला दाण्यांत हात घालायचं सुचलेलं नाही असा आमचा समज आहे. काकूनं लोढणं पिशवीसकट कोठीत खोल पुरलं, पुढच्या दाराला आतून कडी घातली, आणि दिरांच्या नजरेत नको म्हणून मागच्या दारानं निघून गेली.

थोड्या वेळानं विनोदचा मला फोन आला. "वहिनी, आई फोन उचलत नाही." मी म्हटलं, न्हात असतील. पुन्हा आला, पुन्हा आला. चौथ्या खेपेला त्याचा आवाज फाटला होता. "फोन घरातच दाखवतोय. वाजतोय आणि उचलत नाही. वहिनी, बाबांच्या वेळी असंच झालं होतं हो."

मी पळत गेले. दाराला आतून कडी. कान लावला तर आतून रिंग ऐकू येत होती, पण जमिनीखालून आल्यासारखी, दबलेली. गल्ली गोळा झाली. घाईत मागच्या दाराचं कुणाला सुचलं नाही. थोरल्या दिरांनी पहार घालून दार उचकटलं. खाटेवर कुणी नाही, न्हाणीत कुणी नाही, आणि रिंग चालूच. शेवटी आवाजाच्या मागं जात मी कोठीचं झाकण उघडलं, खांद्यापर्यंत हात घातला आणि पिशवी ओढून काढली. कॉल घेतला. दाणे खाली ओघळले आणि त्या भल्यामोठ्या काचेवर विनोदचं रडून सुजलेलं तोंड दिसलं.

तेवढ्यात मागच्या दारातून काकू आत आली. हात तेलानं माखलेले, अंगाला वेखंडाचा वास, चेहऱ्यावर समाधान. घरात एवढी माणसं बघून तिचा रंग उडाला. "काय झालं गं? कोन गेलं?"

 विनोद काचेतून म्हणाला, "आई, मी निघतोय."

तो आला तेव्हा रागावलेला असता तर बरं झालं असतं. भांडणात काकू कुणाला हार जाणारी नव्हती. पण त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "मी तुला मेलेली समजून बसलो होतो गं." काकू सांगत होती, "अरे, लेकरू पीत नव्हतं, पेलं रे ते, पोटभर पेलं," पण तिचा आवाज खाली खाली येत गेला. मग ती उठली आणि कपड्यांची पिशवी भरायला लागली.

जायच्या सकाळी ती माझ्याकडे आली. दोन्ही चपला बाहेर काढल्या, आत आली आणि माझ्या मशीनजवळ भुईवर मांडी घालून बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला रडू आलं ते तिथंच. तिनं गळ्यातली नाडी काढली, फोन हातात घेतला आणि रिकामी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "हे तू ठिव. तिथं गळ्यात बांधायचं काम न्हाई. तिथं जायाचं कुठं हाय?"

आता ती अकराव्या मजल्यावर असते. दुपारी घरात कुणी नसलं की पदर ओढून फोन उघडते आणि मला व्हिडिओ कॉल करते. तिच्या मागे गॅलरीची जाळी दिसते. "समदे लई जपतेत मला," ती म्हणते. "लिफ्टनं खाली जायाचं म्हटलं तरी कुनीतरी संगं येतं." एकदा ती म्हणाली, "पोरी, लई काम हाय का गं? जरा भाईर पड की."

मी मशीन बंद केली. फोन हातात धरून तिला गल्ली दाखवायला लागले. ती म्हणाली, "दावू नको. पिशवीत घाल. आवाज येऊ दे निस्ता, अन् तू चाल." मी तिची पिशवी गळ्यात अडकवली आणि ती सांगेल तशी चालत राहिले. हितून डावीकडं. आता तिथं हापसा आला आसंल. जरा थांब, वास येतोय का मिरचीच्या गिरणीचा? मी कधी न पाहिलेल्या बोळांतून तिनं मला भाजीबाजारापर्यंत नेलं.

तिथल्या भाजीवाल्या अक्कानं मला ओळखलं नाही, पण पिशवी ओळखली. "भोकरवालीची न्हवं ही? कुठं हाय ती? दिसंना झाली."

मी काही म्हणायच्या आत माझ्या छातीवरून आवाज आला, "हाय की हितंच. पालक कसा दिलास?"

अक्का दचकली, मग हसली, मग पदरानं डोळे पुसत पिशवीशी बोलायला लागली. आजूबाजूच्या दोघी-तिघी सरकून जवळ आल्या. सुनांचं, जावयांचं, गुडघ्यांचं सगळं निघालं. मी नुसती उभी होते. मधेच काकू म्हणाली, "बसत न्हाई गं अक्का, चालले." फोन तिनं ठेवला नाही. मग मीही तिथून हलले नाही.