खराटा न लागलेला कोपरा

"पोरगी इंग्लिश शाळेत शिकली, पण खराटा धराले नाई शिकली."

मागच्या अंगणात मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, माझ्या आईला सांगत होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा गाळत होते. जाळीतून मला दोघी दिसत होत्या, त्यांना मी दिसत नव्हते. रविवारी दादाचा साखरपुडा होता. मुलीकडचे पवनारला आमच्याच घरी येणार होते आणि पंगत मागच्या अंगणात बसणार होती. त्याच्या तयारीसाठी मोठी आई वर्ध्याहून मुक्कामाला आली होती.

"हात घातला तं विंचू निघन याच्यातून. पाहुण्यायनं पाह्यलं तं काय म्हणतीन? उद्या सकाळी मीच पेटवून देतो याले."

'याले' म्हणजे आंब्याखालच्या पाल्याला. धुण्याच्या दगडावरचं पाणी तिथे जिरतं, म्हणून भर उन्हाळ्यातही खालची पानं ओली असतात. आईचं अंगण गल्लीत नावाजलेलं आहे. सकाळी खराट्याच्या रेघा अशा उमटलेल्या असतात की त्यावर पाय द्यायला जीव होत नाही. तेवढा एक कोपरा मात्र मी मागून घेतला होता. कशाला हवा ते मी सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं.

आता ती मोठ्या आईला काय सांगणार? म्हणाली, "असू द्या ना ताई, तिचं काहीतरी आहे तिथं."

"कचऱ्यात काय असते वं?"

शाळेत आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात थ्रश नावाचा एक पक्षी होता. तो ओकच्या झाडावर बसून गायचा. ओक, बर्फ, थ्रश, हे सगळं तिकडचं, असं मी धरूनच चालले होते. परीक्षेत त्याच्यावर छान उत्तर लिहिलं आणि विसरून गेले. मग गेल्या उन्हाळ्यात याच खिडकीतून एक पक्षी दिसला. डोकं आणि छाती पिकल्या संत्र्याच्या रंगाची, पाठ पाटीसारखी करडी, पांढऱ्या गालावर काजळ ओघळावं तशा दोन उभ्या रेघा. चोचीने एक पान उडवायचा, थबकायचा, खाली बघायचा, मग दुसरं पान. शोधलं तेव्हा कळलं, हा थ्रशच. मराठीत कस्तूर.

कस्तुरांचं खटलं फार मोठं आहे. इंग्लंडमधला एक भाऊबंद गोगलगाय दगडावर आपटून फोडतो. एक अंगभर काळा, चोच तेवढी पिवळी. अमेरिकेतला विटकरी छातीचा, हिरवळीतून गांडूळ ओढून काढणारा. सह्याद्रीतला निळा-काळा, नात्याने जरा लांबचा, ओढ्याकाठी माणसासारखी शीळ घालतो. कोस्टा रिका नावाच्या देशात तर रंगीत पक्ष्यांना तोटा नाही, तरी त्यांनी राष्ट्रीय पक्षी म्हणून एक मातकट कस्तूर निवडला, पावसाच्या तोंडावर घराजवळ गातो म्हणून. एवढ्या मोठ्या घराण्यातला एक जण आमच्या धुण्याच्या पाण्यावर येत होता. या उन्हाळ्यातही आला होता.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं आणि समोरचा "हो का?" म्हणून दुसऱ्या विषयावर गेला तर? त्यापेक्षा एकटीने मिरवलेलं बरं. गॅसपाशी उभी असतानाही मी मनातल्या मनात मिरवतच असायचे.

सकाळी मोठी आई पदर खोचून, खराटा आणि काड्यापेटी घेऊन निघाली. मी मागोमाग गेले. काय बोलायचं ते आतल्या आत जुळवत होते, पुस्तकी मराठीत, कारण शाळेपासून मी घरातही तशीच मोजकी बोलते. मी नुसतीच जाऊन पाल्याकडे पाठ करून उभी राहिले.

"सरक वं बाजूले."

मी सरकले नाही. तेवढ्यात माझ्या मागे एक पान उडाल्याचा आवाज आला. मग दुसरं. मोठ्या आईचा खराटा हवेतच राहिला.

"अवो माय," ती एकदम हळू बोलली. "हे कोणतं पाखरू वं? संत्र्यावानी."

मी वळून पाहिलं नाही. हलले असते तर तो उडाला असता.

"आपल्याकडचं नाई वाटत," मोठी आई म्हणाली. "बाहेरचं दिसते कुठलं तरी."

आई दारात येऊन उभी होती. तीही त्याच्याकडेच बघत होती, आणि मग माझ्याकडे.

"बाहेरचं नाई, मोठी आई," मी म्हणाले. "आपलंच आहे. कस्तूर म्हणतात त्याले. हा पाला त्याचा आहे, खराटा ठेव तू. पंगत इकडून थोडी सरकवू, अन् पाहुण्यायले मी सांगीन."